खोबरेल, नरसाळं आणि बोंबलणारा पंखा

कांपूटरच्या डब्यात धूळ कशी साठते, सांगा बरं? कुणी टाकत नाही, कुणी बघत नाही, आणि वर्षानं झाकण उघडलं की मूठभर निघते. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. तेव्हा कुणी ते साठवायला बसलं नव्हतं. आता मात्र चार माणसं जमली, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "ए, ते खोबरेल तेलाचं सांग ना!" आणि मग शिंका आवरत नाहीत तसं माझं होतं.

दुकान भोरला, बाजारपेठेतून आत वळणाऱ्या बोळात. मुळात ते माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, टायपिंग इन्स्टिट्यूट. सगळे टाइपरायटर एकाच वेळी खडखडतायत अशा खोलीत अण्णांनी उभा जन्म काढला आणि त्यात त्यांचे कान गेले. पण हे त्यांना मान्य नव्हतं! आपण एकदा हाक मारायची, दोनदा मारायची, तिसऱ्यांदा बोंब ठोकायची, की अण्णा मान वर करून शांतपणे म्हणणार, "ओरडता कशाला? मला ऐकू येतं!"

दोन हजार सालाच्या आगेमागे मी पुण्याहून हार्डवेअरचा कोर्स करून आले आणि दुकानाच्या अर्ध्या भागात कांपूटर जोडायला लागले. पार्ट पुण्यातून एसटीनं मांडीवर आणायचे आणि घरी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जोडायचे, कारण उजेड तिथंच बरा होता. गावात त्याला नाव पडलं 'घरगुती कांपूटर'. जसे घरगुती पापड, घरगुती लोणचं!

शेजारी सलीमभाईंचं मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरीवरचा पंप असो, छताचा पंखा असो, मिक्सर असो, जे फिरायचं थांबलं ते सलीमभाईंच्या दारात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "फिरणाऱ्या वस्तूला दोनच रोग, ताई. एकतर कोरडी पडती, न्हाईतर गरम हुती. मान्साचंबी त्येच!"

आणि माझ्या घरगुती कांपूटरला हे दोन्ही रोग होते. प्रोसेसर स्वस्तातला आणि तापट डोक्याचा. त्याच्या डोक्यावर बसवलेला पंखा बरणीच्या झाकणाएवढा, पण आवाज पिठाच्या गिरणीचा.

गिरणीचा, हे मी उगाच म्हणत नाही.

* * *

माझी पहिली बाहेरगावची ऑर्डर वेल्ह्याची. तहसील कचेरीसमोर लोकांना अर्ज लिहून देणारे एक काका होते, त्यांना टाइपरायटर सोडून कांपूटर घ्यायचा होता. मोठ्या हौसेनं घेतला, नारळ फोडला, पेढे वाटले.

त्यांच्या गाळ्याला लागूनच पिठाची गिरणी. तिची मोटर जळलेली, म्हणून गिरणी बंद. आणि मोटर कुठं? सलीमभाईंकडे, वायंडिंगला!

दोन दिवसांनी काकांचा फोन. "म्याडम, तुमचा कांपूटर झकास हाय. अर्ज सुबक निघतो. फकस्त एक करा, त्यो पंखा बंद करा."

म्हटलं, "काका, पंखा बंद केला तर जळेल तो. त्रास काय होतोय?"

"आवो, सकाळधरनं बाया डबं घिऊन येत्यात! लांबनं आवाज ऐकत्यात, वाटतं गिरणी चालू झाली. मी सांगून सांगून दमलो. एक तर माज्या टेबलावर डबा ठिवून निघूनच गेली. म्हनली, बाजरी हाय, जरा बारीक काडा!"

मी सलीमभाईंना सांगितलं. ते कधी नव्हे ते घाईला आले. गिरणीची मोटर त्यांनी दुसऱ्याच दिवशी गुंडाळून एसटीच्या टपावर चढवली. "न्हाईतर ताई, तुमचा पंखा माजं गिऱ्हाईक खाईल," म्हणाले.

* * *

पंखा कोरडा पडला की कुरकुरतो. त्यावर उपाय सोपा असतो. पंख्याच्या मधोमध एक स्टिकर असतो, तो हळूच सोलायचा, आत तेलाचा एक थेंब सोडायचा, स्टिकर परत चिकटवायचा. हे मी फोनवर कितीतरी जणांना सांगितलं असेल. मार्गासनीच्या बाळासाहेबांनाही सांगितलं. ते शेती सांभाळून लग्नपत्रिका करायचे, त्यामुळे दिवाळीनंतर त्यांचा कांपूटर दिवसभर चालू.

तेल टाकलं. पंखा गप्प. बाळासाहेबांनी फोनवर माझी इतकी तारीफ केली की मी लाजले.

मग थंडी पडली, आणि त्या खोऱ्यात पडते तशी पडली. पुन्हा फोन आला. "म्याडम, कांपूटर सकाळचा चालत न्हाई. दुपारचा चालतो."

"म्हणजे?"

"म्हंजी सकाळी चालू क्येला की जरा वेळानं आपोआप मरतो. दुपारी लावला की पळतो. त्याला सवय लागली असंल का?"

मला वाटलं व्हायरस असेल. सलीमभाईंना वाटलं सकाळी व्होल्टेज कमी येत असेल. शेवटी मी एसटी धरून गेले. बघते तर काय, अंगणात वाळवण घातलेलं, लाल मिरच्या, त्याच्याशेजारी ज्वारी, आणि त्याच्याशेजारी पोत्यावर झाकण उघडून ठेवलेला माझा कांपूटर! ऊन खात बसलेला!

बाळासाहेब म्हणाले, "कवळं ऊन दिलं की सुटतो."

मी पंखा काढला. ऊन अजून पुरतं लागलं नव्हतं, मधोमध पांढरं, घट्ट, तुपासारखं काहीतरी बसलेलं. पंखा बोटानंही हलेना.

"बाळासाहेब, तेल कुठलं टाकलंत?"

"डोक्याला लावतो त्येच की! खोबऱ्याचं. एकदम शुद्ध, घरचं."

मी कपाळावर हात मारला. तेल गोठलं की पंखा अडकायचा, पंखा अडकला की प्रोसेसर तापून बंद पडायचा, ऊन लागलं की सगळं सुरळीत! सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या आईच बोलल्या, "म्या म्हनलंच व्हतं ह्येला. थंडीत बाटली चुलीपाशी ठेवतो ना आपुन? तसा त्यो डबाबी हितं ठेव, उनात कशाला काळा पाडतुयास!"

* * *

भोरातल्याच एका वकीलसाहेबांच्या घरी तर वेगळाच प्रकार. वकीलसाहेबांना आवाजाचं काही नव्हतं, वहिनींना होतं. दुपारची झोप मोडायची. त्या काळात टीव्हीला, फ्रीजला, मिक्सरला सगळ्याला झालरीचं कव्हर शिवायची पद्धत. वहिनींनी कांपूटरच्या डब्याला कव्हर शिवलं. आतून कापूस, बाहेरून मखमल, खाली झालर, मागं बटणं. आवाज गेला! पण अर्ध्या तासानं कांपूटरही जायला लागला.

मी जाऊन सांगितलं, "वहिनी, त्याला श्वास घ्यायला जागा हवी. हे कव्हर काढा."

वहिनी ताडकन म्हणाल्या, "कांपूटर काढा हवं तर. झालर माझ्या हातची आहे!"

म्हटलं, निदान हवा जाईल असं काहीतरी करा. पुढच्या खेपेला बघते तर मखमलीला ओळीनं भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकाला सुंदर काज केलेलं! मी भोर-वेल्ह्यात एवढे कांपूटर जोडले, पण काजं केलेला तो एकच.

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग किसनतात्या आले आणि पंख्याचं काम खरं काम झालं.

तात्या भोंगवलीचे. शेती करायचे, पण ओळख त्यांच्या गळ्याची. जयंतीला भीमगीतं म्हणावीत तर तात्यांनीच. साऱ्या तालुक्यात असा बुलंद आवाज नव्हता. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. त्यांची मुलगी सुजाता माझ्या वर्गातली. ती वेल्ह्याकडच्या एका शाळेवर बाई होती.

एका शनिवारी सुजाता एकटीच दुकानात आली आणि स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, "तात्यांच्या गळ्यात गाठ निघालीय गं. आवाजाच्या दोरीवर. साधी आहे म्हणतात, पण काढावी लागणार. डॉक्टर म्हणाले, आवाज आहे तसाच राहील याची खात्री नाही. कदाचित येणारही नाही."

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"माझ्याकडे त्यांचं एक गाणंसुद्धा नाही," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "घरात नळासारखा आवाज होता, कुणाला वाटलं धरून ठेवावा? ऑपरेशनच्या आत तुझ्या कांपूटरवर घेशील का? सीडी करून दे मला."

अण्णा लांबून म्हणाले, "कोण रडतंय?" आम्ही दोघींनी ओरडून सांगितलं, "कुणी नाही!" ते म्हणाले, "ओरडता कशाला? मला ऐकू येतं!"

पुढच्या रविवारी तात्या आले. धोतर, टोपी, हातात खंजिरी. पेटीवाला आला नव्हता. तो शिरवळकडं कंपनीत पाळीवर लागलेला, त्याला सुट्टी मिळेना. मी विचारलं, "तात्या, पेटीशिवाय जमेल?"

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना काठी देऊ केली. "पोरी, पेटी लागती कच्च्या गड्याला. माजा सूर माज्या नरड्यात हाय!"

आणि खरंच, खंजिरीवर थाप मारून असं काही लावलं की बोळातली माणसं दारात गोळा झाली. मी अंगभर शहारले. गाणं संपलं, मी ऐकवायला लावलं. स्पीकरमधून आधी आला घर्रर्रर्र, मग त्याच्या मागून, फार लांबून, तात्या.

तात्या कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "ह्यो मोठ्यानं गातोय त्यो कोन?"

* * *

तिथून आमच्या पंख्याशी मारामाऱ्या सुरू झाल्या.

पहिली अक्कल माझी. गाण्यापुरता पंखाच काढून ठेवू, म्हटलं. काढला. काय शांतता! तात्यांनी जरा चाचपडतच पहिलं कडवं म्हटलं, दुसऱ्याला हात घातला, आणि स्क्रीन काळी. प्रोसेसर तापून बंद, गाणं गायब. तात्या खंजिरी खाली ठेवत म्हणाले, "माजं गानं सोसवलं न्हाई त्याला."

मग माइकची वायर लांबवून डबा पार मोरीत ठेवला. पंख्याचा आवाज दबला, पण लांब वायरीतून हूंऽऽ असा निराळाच आवाज यायला लागला. डबा पोत्यात गुंडाळला, तर वकीलवहिनींच्या कव्हरासारखी गत, तापून बंद. सलीमभाईंनी पंख्याच्या वायरीत काहीतरी जोडून त्याचा वेग कमी केला. आवाज निम्मा झाला खरा, पण कांपूटरही निम्म्या गाण्यातच मान टाकायचा.

एकदा वाटलं, लोडशेडिंगमध्ये घेऊ. निदान बाजारातल्या बाकीच्या मोटरी तरी बंद असतील. यूपीएसवर कांपूटर चालेल तेवढा चालेल. लाइट गेली, बाजारपेठ गपगार झाली. मी खूण केली. तात्यांनी तोंड उघडलं आणि यूपीएस बोलला, "पीप! पीप! पीप!" त्याचं बटण काही केल्या सापडेना. मी आणि सलीमभाई त्या यूपीएसवर उशी दाबून बसलोय, आणि तात्या मजेत गातायत, पीपच्या ठेक्यावर खंजिरी वाजवून!

संपल्यावर म्हणाले, "ह्यो ऱ्हाऊ द्या. गडी तालाचा पक्का हाय."

तेव्हाच आमच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण लाइटच गेलेली ना!

* * *

ऑपरेशन मंगळवारी ठरलं. मधे एकच रविवार राहिला. सुजाता रोज शाळेतून फोन करायची, "झालं का गं?" मी म्हणायची, "होतंय." पण होत काही नव्हतं. माझी झोप उडालेली. एवढा कोर्स करून आले आणि बरणीच्या झाकणाएवढा पंखा मला गप्प करता येईना!

शुक्रवारी सलीमभाई आले ते हातात नरसाळं घेऊन. घरात गोडेतेल ओतायचं प्लास्टिकचं नरसाळं! "भाबीनं दिलं?" मी विचारलं.

"तिला म्हाईत न्हाई अजून," म्हणाले. "ताई, लहान पंख्याला वारा द्यायला पळावं लागतं. म्हनून बोंबलतो. मोठा पंखा लावू. त्यो सावकाश फिरला तरी वारा तेवढाच. आन त्यो वारा खाली नेमका पोचवायला ह्ये!"

जुन्या कांपूटरातला तळहाताएवढा पंखा मी काढून दिला. सलीमभाईंनी नरसाळ्याचं रुंद तोंड पंख्याच्या मापाचं कापलं, खालची नळी प्रोसेसरवर बसेल अशी छाटली, आणि पंखा डब्याला थडथडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगला. मी वेगाचं बघितलं, तापमान बघितलं. गणित जमलं.

चालू केला. आम्ही दोघं वाकून ऐकतोय. काही नाही. कान लावला. काही नाही! पंखा फिरतोय, कांपूटर चालतोय, आवाज नाही. फक्त प्रोसेसर तापला तसा तेलकट नरसाळ्यातून मंद भज्यांचा वास यायला लागला.

पलीकडे टाइप करत बसलेल्या अण्णांनी मान वर केली. आजवर ज्यांना तो पंखा कधी ऐकू आला नव्हता, ते अण्णा म्हणाले, "लाइट गेली का?"

सलीमभाईंनी मला टाळी दिली. मी सुजाताला फोन केला, "झालं!"

* * *

रविवारी सगळे जमले. सुजाता तर सकाळच्या पहिल्या एसटीनं आली. दार लावलं, कांपूटर चालू केला. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. तात्या बसले. खंजिरीवर थाप मारली. तोंड उघडलं.

आणि बेसूर!

तात्या थांबले. खाकरले. परत लावलं. सूर वर गेला आणि फाटला. तिसऱ्यांदा खालून धरला, तो खालीच बसला. आम्ही एकमेकांकडं बघेनासे झालो. तात्यांनी पाण्याचा घोट घेतला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणखी एकदा प्रयत्न केला. नाही जमलं.

"ग्येला," तात्या म्हणाले. "आधीच ग्येला ग पोरी. डाक्टरला कापाय काय ऱ्हायलंच न्हाई."

सुजाता भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! एवढा आटापिटा केला आणि आवाज गाठीनं आधीच नेला.

सलीमभाईंना ते बघवेना. ते आपल्या दुकानात निघून गेले. आणि माणसाचं असं असतं, मन थाऱ्यावर नसलं की हात आपोआप रोजच्या कामाला लागतात. त्यांनी काढून ठेवलेला तो जुना, बरणीच्या झाकणाएवढा पंखा उचलला, तेलाचा थेंब सोडला आणि बघावं म्हणून बॅटरीला लावला.

भिंतीपलीकडून आला घर्रर्रर्र!

मी चिडून ओरडणार, "सलीमभाई, आत्ता नको!" तेवढ्यात तात्यांची मान वर झाली. डोळे मिटले. हात खंजिरीवर गेला. आणि आवाज निघाला! तोच, बुलंद, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, पंख्याच्या घर्रर्रमध्ये दुधात साखर मिसळावी तसा मिसळलेला.

पलीकडं सलीमभाई घाबरले. गाणं चालू झालं आणि आपला पंखा मधे बोंबलतोय, म्हणून त्यांनी पटकन वायर ओढली. तात्या कडव्याच्या मध्यावर अडखळले आणि तिथूनच गरजले, "ए सलीम! चालू ठेव त्यो! पेटी कुनी अशी मदीच बंद करतं व्हय!"

मग सुजाता भिंतीकडून वळली ती हसत होती का रडत, मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढे रविवार तात्या पंख्याच्या सुरात गात होते, आणि आम्ही त्यांची पेटी बंद पाडायला जिवाचं रान करत होतो!

सलीमभाई बॅटरी आणि पंखा दोन्ही घेऊन आले आणि माइकपासून जरा लांब, तात्यांच्या पाठीशी ठेवले. मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला तर पेटी लागत नाही म्हणालात?"

"न्हाईच लागत," तात्या म्हणाले. "पंखा लागतो."

त्या दिवशी त्यांनी दुपार टळेपर्यंत गाणी म्हटली. एकेका गाण्यात पंखा आहे. आम्ही कापला नाही.

* * *

ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली, जीव भांड्यात पडला. पण बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, अशी डॉक्टरांची ताकीद.

जयंतीला भोंगवलीत मांडवातल्या कर्ण्यावर सीडी लावली. तात्या पहिल्या रांगेत, तोंडाला कुलूप, आपलंच गाणं ऐकत बसलेले. आधी घर्रर्र यायचं, मग तात्या. माणसं डोलत होती. मी आणि सलीमभाई मागं उभे, आमचा जीव मुठीत, कुणी पंख्याचं विचारतंय की काय!

दुसऱ्या गावच्या गायन पार्टीचा पेटीवाला आला होता, चांगला नावाजलेला. तो डोळे मिटून ऐकत होता. गाणं संपल्यावर सुजाताजवळ येऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाई, पेटीवर कोन हाय वो? लई दमाचा गडी! भाता कवा दाबतो, कवा सोडतो, कळूनच देत न्हाई!"

तात्यांचं अंग गदगदा हलायला लागलं. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांतून पाणी. त्यांनी हात लांब करून सलीमभाईंकडं बोट दाखवलं. पेटीवाल्यानं सलीमभाईंच्या पायाला हात लावला!

* * *

आता शेवटचा.

डॉक्टरांनी तात्यांना सांगितलं, आता बोला. पण तात्या बोलेनात. दिवस गेले, तात्या खुणाच करतायत. भाकरी हवी, खूण. चहा नको, खूण. सुजाता फोनवर म्हणाली, "त्यांना भीती वाटतेय गं. तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही तर? मला तरी कुठं धीर होतोय बोला म्हणायचा?"

बाजारच्या दिवशी दोघं बापलेक दुकानात आले. तात्या काही न बोलता स्टुलावर बसले. अण्णा पलीकडं, आमच्याकडं पाठ करून टाइप करत होते. सलीमभाई येऊन दारात टेकले. मी काहीबाही बोलत राहिले, पाऊसपाणी, शाळा, भाव. तात्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मग बोट हवेत गोल फिरवलं.

मला कळलं. तो पंखा मी फडक्यात गुंडाळून कपाटात जपून ठेवला होता. सलीमभाईंनी बॅटरी आणली. ते अधूनमधून येऊन त्याला प्रेमानं तेल घालून जायचे. वायर लावली.

घर्रर्रर्र.

तात्यांनी डोळे मिटले. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सुजातानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तात्यांचा गळा हलला. परत हलला. ओठ उघडले, मिटले, उघडले. कपाळाला आठी पडली. आणि पंख्याच्या आवाजातून, कान टवकारूनही जेमतेम कळेल असा, चिरका, बारीक, पण तात्यांचाच आवाज आला,

"कुनी... हात लावला ह्येला? सूर... उतरलाय की!"

सलीमभाईंनी डोळ्याला रुमाल लावला.

आणि तिकडं टाइपरायटरवरचे हात थांबले. अण्णांनी मागं न वळताच म्हटलं,

"ओरडता कशाला तात्या? मला ऐकू येतं!"